ताटाचा ताळेबंद

(प्रस्तावना)

१९२० च्या दशकात निलगिरीतल्या कुन्नूरला रॉबर्ट मॅकॅरिसन नावाचा एक लष्करी डॉक्टर उंदरांना भारतीय जेवण वाढत होता. एका पिंजऱ्यात शिखांचं जेवण : कोंड्यासकट दळलेल्या गव्हाच्या पोळ्या, दूध, लोणी, डाळ, कच्ची भाजी, कधीमधी मटण. दुसऱ्यात पठाणांचं, तिसऱ्यात ‘मराठा’, पुढे गुरखा, कानडी, बंगाली, आणि एका पिंजऱ्यात मद्रासी जेवण, म्हणजे पॉलिश केलेला भात आणि त्यासोबत नावापुरतं बाकीचं. ठरलेली मुदत संपल्यावर सगळे उंदीर वजनकाट्यावर चढवले. शीख उंदीर पहिले, पठाण दुसरे, मराठे तिसरे, मद्रासी सगळ्यांत शेवटी. आपला नंबर तिसरा आला यावर खूश व्हायचं की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

या प्रयोगाची थट्टा करणं सोपं आहे. मराठा जेवण म्हणजे नेमकं कुणाचं? वाड्यातलं की वाड्याबाहेरचं? सुगीतलं की आषाढातलं, जेव्हा कणगीचा तळ दिसायला लागतो? अख्ख्या मुलखाला एका पिंजऱ्यात कोंबलं की असले प्रश्न विचारायची सोय राहत नाही. तरी देशाचं जेवण काट्यावर ठेवता येतं, ही कल्पना इथं रुजली. तेव्हापासून आपण ते मोजतच आलो आहोत. दर पिढीला काटा तेवढा बदलतो.

त्यातला एक काटा पुण्यात तयार झाला. १९७१ मध्ये वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी दारिद्र्यावरचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला. माणसाला दिवसाला २,२५० कॅलरी मिळायच्या तर त्याचा महिन्याचा खर्च किती असायला हवा, हा त्यांचा प्रश्न; आणि १९६०-६१ च्या भावाने खेड्यात १५ रुपये, शहरात साडेबावीस, हे उत्तर. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे यांना ही रीत पटत नव्हती. रोममध्ये जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाचे ते अनेक वर्षं प्रमुख होते. जगाची भूक आकड्यांत मांडण्याचं काम ज्यांनी पहिल्यांदा केलं त्यांतले ते एक. त्यांचं म्हणणं असं, की दोन निरोगी माणसांची गरज सारखी नसते, एकाच माणसाचीही रोज सारखी नसते, तेव्हा सरासरीची एक रेघ ओढून तिच्याखालचे सगळे उपाशी ठरवू नका. शिवाय नेहमीचं भाकरी-डाळीचं जेवण पोटभर मिळालं तर प्रथिनांची वेगळी काळजी करायला नको, असंही ते सांगत.

वाद गाजला. आज तो वाचताना माझं लक्ष त्या ‘नेहमीच्या जेवणा’कडे जातं. ते तसंच राहील हे सगळ्यांनीच धरून चाललं होतं. पण १९६१ मध्ये देशात माणशी दिवसाला ६९ ग्रॅम डाळी-कडधान्य उपलब्ध होतं, ते २००१ मध्ये ३० ग्रॅमवर आलं. पुढे ते काहीसं सावरलं, पण जुन्या पातळीला पोचलं नाही. पंडितांचा वाद चालू होता तेव्हा वरण पातळ होत होतं.

सर्वांत नवा काटा पृथ्वीचा आहे. जागतिक वन्यजीव निधीच्या २०२४ च्या अहवालात भारताच्या जेवणाला जी-२० देशांत पहिला नंबर मिळाला. अन्न पिकवण्या-खाण्यातून हवेत जाणाऱ्या तापवायूंचा तो हिशेब आहे. जगातल्या सगळ्यांनी भारतीयांसारखं जेवायचं ठरवलं तर २०५० मध्ये अन्नासाठी ०.८४ पृथ्वी पुरेल. अमेरिकनांसारखं जेवायचं तर साडेपाच पृथ्व्या लागतील, अर्जेंटिनासारखं तर सातहून अधिक. बातमी आली त्या दिवशी आमच्या व्हॉट्सॲप गटांवर वरणभाताचे फोटो आणि पूर्वजांच्या शहाणपणाचे गोडवे यांना पेव फुटलं.

मीही एक फोटो पुढे ढकलला, हे कबूल करतो. मग राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची २०१९-२१ ची फेरी पुन्हा उघडली. १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५७ टक्क्यांना रक्तक्षय. पाच वर्षांखालच्या मुलांपैकी ३५.५ टक्के वयाच्या मानाने खुजी. सहा महिने ते दोन वर्षांच्या बाळांपैकी पुरेसं आणि चौरस अन्न मिळणारी जेमतेम ११ टक्के. आणि त्याच पाहणीत २४ टक्के बायका, जवळपास तितकेच पुरुष, वजनाने जास्त. हे सगळं एकाच देशाचं ताट, पृथ्वीच्या परीक्षेत पहिलं आलेलं.

पृथ्वीला आपलं ताट हलकं वाटतं, कारण अनेकांच्या ताटात मुळात कमी पडतं. या पुस्तकाची सुरुवात इथून झाली. आपल्या जेवणात शहाणपण किती आणि टंचाई किती, हे वेगळं काढल्याशिवाय ‘टिकाऊ आहार’ या शब्दाला आपल्याकडे अर्थ येत नाही. गरिबीमुळे वाचलेली पृथ्वी चार पैसे आले की वाचेनाशी होते. शहाणपणाचा जो भाग आहे तो मात्र पैसे आल्यावरही टिकवता येईल, निदान प्रयत्न करता येईल. हे दोन्ही एकाच भाकरीत मळलेले आहेत, ही अडचण आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. ताट कधीच स्थिर नव्हतं. ‘परंपरेने’ या शब्दावर फार भार टाकणाऱ्यांनी एकदा उपवासाचं ताट बघावं. साबुदाणा ज्याच्यापासून करतात तो टॅपिओकाचा कंद, शेंगदाणा, बटाटा, हिरवी मिरची ही चारही अमेरिका खंडांची प्रजा. पोर्तुगीजांची जहाजं समुद्र ओलांडून यायला लागल्यानंतरची. त्या ताटातली वरी तेवढी इथली जुनी. एकादशीला चालणारं काय आणि न चालणारं काय हे ठरवणाऱ्या कुणीतरी कधीतरी या परदेशी पाहुण्यांना सोवळ्यात घेतलं, आणि दोन-तीन पिढ्यांत ते अनादी झाले. तेव्हा बदल वाईट असं इथं कुठेही म्हटलेलं नाही. कोण बदलतं, कुणासाठी, आणि बिल कोण भरतं, एवढंच विचारायचं आहे.

ज्वारीला या पुस्तकात तीन प्रकरणं दिली आहेत. संपादकांना ती जास्त वाटली. पण ज्वारी समजली की बाकीचं पुष्कळ समजतं. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात सप्टेंबरचा पाऊस मुरला की रब्बीची ज्वारी पेरतात. पुढे बहुतेक वर्षी तिला पाऊसही मिळत नाही आणि पाटाचं पाणीही. जमिनीत अडकून राहिलेल्या ओलीवर ती पोसते. ओल खाली सरकते तशी मुळं तिच्या मागे जातात, वर रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि कणसात दाणा भरतो. जानेवारीत हुरडा, पुढे काढणी. आठ-दहा ओळींमागे करडईचा पट्टा, म्हणजे घरचं तेल आणि काट्यांमुळे आपोआप कुंपण. ज्वारीच्या उभ्या धाटाला आपण ‘ताट’च म्हणतो, ते उगीच नाही. कणीस माणसाला, कडबा बैलाला, बैलाचं शेण रानाला. जुन्या घरांतून ही ज्वारी जमिनीतल्या पेवात उतरवायची आणि वर्षा-दोन वर्षांनी गरज पडेल तेव्हा पेव फोडायचं.

यात शहाणपण आहे, नक्कीच. पण हेच रान सलग दोन वर्षं पाऊस चुकला तर माणसाला देशोधडीला लावायचं, हेही त्याच गोष्टीत आहे. १९७२ च्या दुष्काळात सोलापूर, नगर, मराठवाडा इथली लाखो माणसं खडी फोडायला गेली. रोजगार हमी योजना त्या खडीतून उभी राहिली. कामावर सुकडी मिळायची, आणि रेशनवर मिलो, म्हणजे अमेरिकेतून आलेली लालसर ज्वारी. तिकडे ती जनावरांना घालतात, हे कळल्यावर तो घास आणखीच कडू झाला. त्या पिढीतल्या कुणाहीसमोर ‘मिलो’ म्हणून बघा. चेहऱ्यावरच उत्तर मिळतं.

त्याआधीही आपण परक्या गव्हावर जगत होतो. १९५६ मध्ये अमेरिकेशी पीएल-४८० खाली धान्याचा करार झाला आणि १९६६ मध्ये, दुष्काळाच्या साली, देशात सुमारे एक कोटी टन धान्य बाहेरून आलं. लालबहादूर शास्त्रींनी लोकांना सोमवारी रात्रीचं जेवण सोडायला सांगितलं होतं. कित्येक घरांत तो सोमवार ते गेल्यावरही चालू राहिला. (गाजरगवतही त्या गव्हाबरोबर आलं, असं आपल्याकडे सगळे सांगतात. पुण्यात ते १९५५ च्या सुमारासच दिसलं होतं, म्हणजे करार व्हायच्या आधी. तरी ‘काँग्रेस गवत’ हे नाव काही सुटलं नाही.) त्या अपमानातून हरितक्रांती झाली. १९६६ मध्ये मेक्सिकोतून १८ हजार टन गव्हाचं बियाणं आलं, १९६५ मध्येच अन्न महामंडळ आणि कृषिमूल्य आयोग उभे राहिले होते; १९५०-५१ मध्ये साडेसहा दशलक्ष टन असलेला गहू आज ११० दशलक्ष टनांच्या पुढे आहे. या कामाला नावं ठेवणाऱ्यांशी माझं जमत नाही. ज्यांनी मिलो खाल्ली नाही त्यांनीच बहुधा ती टीका लिहिली असावी.

पण सरकारने गहू-तांदळाचा भाव बांधला, गहू-तांदूळ विकत घेतला, गहू-तांदूळच वाटला. पंजाब-हरियाणातून हरभरा उठला आणि खाली मध्य प्रदेश-महाराष्ट्राकडे सरकला. ज्वारीसाठीही १९६४ पासून संकरित वाण आले, उतारा भरपूर. पण खरिपाच्या शेवटच्या पावसात कणीस काळं पडायचं, कडबा आखूड, भाकरीला चव नाही. ‘हायब्रीड’ हा शब्द मराठीत शिवीसारखा वापरतात तो तेव्हापासून. १९६० च्या आसपास देशात सुमारे १.८ कोटी हेक्टर ज्वारी होती. आज ती ४० लाखांच्या आगेमागे आहे. खरिपातली तिची जागा आपल्याकडे सोयाबीनने घेतली. गंमत म्हणजे सोयाबीनचा दाणा आपण फारसा खातच नाही. तेल काढतो, पेंड कोंबडीला.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भाव स्पष्ट लिहिले होते : तांदूळ तीन रुपये, गहू दोन, भरड धान्य एक रुपया किलो. ती एक रुपयाची ज्वारी दुकानात मी फार क्वचित पाहिली. २०२३ पासून हे धान्य फुकट आहे, सुमारे ८० कोटी लोकांना. मंगळवेढा भागातला एक शेतकरी मला म्हणाला, “ज्वारी पुण्याला जाती, आन् आम्ही कंट्रोलचा गहू खातो.” त्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनाचा शिक्का आहे, पुण्यातल्या दुकानात ती गव्हाहून महाग. भाकरी हे गरिबाचं अन्न होतं, ती शहरात पथ्याचं अन्न झाली, आणि मधल्या मधे गरिबाच्या हातात पोळी आली. यात त्याचं नुकसान झालं असं तो म्हणत नाही. पाहुण्याला पोळी वाढता येते, हे त्याच्या आईला सणापुरतं साधायचं.

आणि त्याच्या बायकोचं मत मी मुद्दाम विचारलं. भाकरी कुणी करायची, हा प्रश्न आहारतज्ज्ञांच्या तक्त्यात नसतो. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, मग ते चिकटून राहत नाही, थापताना भाकरी चिरते. म्हणून दळण थोडं थोडं, वरचेवर. बाजरीचं तर आठवड्यात कडू होतं. आधणाचं पाणी, मळणं, एकेक थापणं, तव्यावर पाणी फिरवणं, विस्तवावर फुगवणं, हे सगळं जेवणाऱ्याच्या वेळेला, गरम गरम. पोळी सकाळी लाटून डब्यात भरता येते आणि बाई शेतावर, शाळेत, कारखान्यात जाऊ शकते. रानातही तेच. ज्वारी राखायला गोफण घेऊन माळ्यावर बसायचं, काढायला माणसं मिळवायची. ‘आपलं पारंपरिक अन्न’ म्हणून व्यासपीठावरून गहिवरणाऱ्यांपैकी किती जण भाकरी थापतात, असं मला एका शिबिरात विचारावंसं वाटलं होतं. तिथं दुपारी पुलाव होता म्हणून राहून गेलं.

पलीकडच्या टोकाला, जिथून हा गहू-तांदूळ येतो तिथं काय चाललंय? पंजाबात जमिनीत दरवर्षी जेवढं पाणी मुरतं त्याच्या दीडपटीहून जास्त उपसलं जातं. ते थोडं वाचावं म्हणून २००९ मध्ये कायदा झाला : कडक उन्हात भाताची लावणी करायची नाही, जूनमध्ये ठरलेल्या तारखेनंतरच. पाणी थोडं वाचलं असेल, पण भात कापणीला उशीर व्हायला लागला आणि गहू पेरायला हातात दोन-तीन आठवडेच उरले. मग पेंढा काढत कोण बसणार? काडी लावायची. दिल्लीच्या नोव्हेंबरमधल्या धुरात या तारखेचाही वाटा आहे. एका ठिकाणी चिमटा घेतला की दुसरीकडे ‘आई गं’ ऐकू येतं, त्याचा हा नमुना.

पंजाबला नावं ठेवताना आपल्या चहात किती साखर पडते तेही बघावं. केंद्रीय कृषिमूल्य आयोगाने ऊसदरावरच्या आपल्या अहवालात लिहून ठेवलं आहे, की महाराष्ट्रात ऊस पिकाखालच्या जमिनीच्या चार टक्क्यांहून कमी जागेत आहे आणि सिंचनाचं जवळपास ७० टक्के पाणी पितो. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचं पाणी गेलं, तेव्हा त्या लातूर जिल्ह्यातही ऊस होता.

तेलाची गोष्ट मला सगळ्यांत जास्त टोचते, कारण ती आपण जिंकत आणली होती. १९८६ मध्ये तेलबियांचं अभियान निघालं आणि नव्वदीच्या सुरुवातीला देश खाद्यतेलात जवळजवळ स्वयंपूर्ण झाला. १९९४ मध्ये पामतेलाच्या आयातीचं दार उघडलं. आज आपल्या गरजेच्या निम्म्याहून जास्त तेल बाहेरून येतं, त्यात मोठा भाग इंडोनेशिया-मलेशियाच्या पामचा, जंगल तोडून लावलेल्या. २०२२ च्या एप्रिलअखेर इंडोनेशियाने निर्यात तीन-साडेतीन आठवडे बंद केली, तेव्हा आपल्या गल्लीतल्या वडेवाल्याला जकार्ताची बातमी तेलाच्या पिंपावर वाचायला मिळाली. इकडे ज्वारीच्या ओळींमधली करडई केव्हाच उठली होती.

दुधाबद्दल इथं थोडक्यात. १९७० पासूनच्या दूधमहापुराने देशाला जगात पहिलं केलं. २०२३-२४ चं उत्पादन २३९ दशलक्ष टन. मांस कमी खाणाऱ्या देशाला दुधाचा आधार मोठा आहे आणि गाई-म्हशींच्या पोटातल्या मिथेनचा बोजाही मोठा. त्यावर स्वतंत्र प्रकरण आहे.

मग ताट आता कुठे चाललंय? पैसे आले की लोक मांसाकडे वळतात, हे जगात बऱ्याच ठिकाणी झालं. आपल्याकडे अंडी-चिकन वाढलं हे खरं, आणि ते ज्यांच्या वाट्याला येतं त्यांच्या अंगी लागतंय. लाल मांस दिवसाला १४ ग्रॅमवर आणा, असा सल्ला २०१९ मध्ये ईट-लॅन्सेट आयोगाने जगाला दिला. मेळघाटातल्या बाळंतिणीला तो वाचून दाखवण्यात अर्थ नाही. खरा बदल दुसरीकडे आहे. २०२२-२३ च्या घरखर्च पाहणीत खेड्यातल्या कुटुंबाचा धान्यावरचा खर्च एकूण खर्चाच्या पाच टक्क्यांखाली आला. १९९९-२००० मध्ये तो २२ टक्के होता. फुकट धान्याचा त्यात हात आहेच. आणि पेयं, पुड्या, तयार खाण्यावरचा खर्च? साडेनऊ टक्क्यांच्या वर. खेड्यात, धान्याच्या जवळपास दुप्पट. शाळेसमोरच्या टपरीवर माळेसारख्या लटकणाऱ्या पाच रुपयांच्या पुड्या म्हणजे मैदा, साखर आणि पामतेल, निरनिराळ्या रंगांत. वाळवंटातला उंट आणि तंबूची गोष्ट आठवते. पुडीनेही आधी तोंडच आत घातलं होतं.

२०२३ हे आंतरराष्ट्रीय भरड धान्य वर्ष झालं, अर्थसंकल्पात ज्वारी-बाजरीला ‘श्री अन्न’ म्हटलं गेलं, आणि दुकानांत नाचणीची बिस्किटं आली. पुडीवरची बारीक अक्षरं वाचली की त्यांत आधी मैदा आणि पामतेल सापडतं. नाव बदलून ताट बदलत नाही. ओडिशाने २०१७ पासून जरा वेगळं करून बघितलं : आदिवासी भागातली नाचणी सरकारने विकत घेतली, तिथल्याच रेशनवर दिली, अंगणवाडीत लाडू करून वाटली. पिकवणारा आणि खाणारा एकाच तालुक्यातला. सगळं आलबेल नाही, अडचणी पुढे लिहिल्या आहेत, पण या पुस्तकात मला आशा वाटली अशी जी दोन-तीन ठिकाणं आहेत त्यांत ओडिशातलं कोरापूट आहे.

शेवटी मोजमापाबद्दल एक खुलासा. हिशेबासाठी ‘एक भाकरी’ म्हणजे ७० ग्रॅम पीठ धरलं आहे. हा आकडा कसा काढला असं विचारणारे भेटतील म्हणून सांगतो. मंगळवेढ्याजवळच्या एका वस्तीवर मी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घेऊन चुलीशेजारी बसलो होतो. सुनेची भाकरी ११० ग्रॅम भरली, आजींची १६८. “घास मोजाया आलायस व्हय?” आजींनी विचारलं. मी काहीतरी समजावून सांगायला लागलो, ते त्यांनी ऐकून घेतलं नाही. पुढची भाकरी त्यांनी परातभर थापली, उतरवली आणि स्वतःच्या हाताने माझ्या काट्यावर ठेवली. ती चारी बाजूंनी खाली लोंबत ओट्याला टेकली, त्यामुळे आकडा लागला नाही. ती सरासरीत धरलेली नाही.